दारात दिवसातून दोनदा भरती

कोपर गाव, डोंबिवली पश्चिम
दि. १४ डिसेंबर

परमपूज्य व्याहीबुवा श्री. हरेश्वरराव नाखवा,
मुक्काम चेंदणी, ठाणे, यांच्या चरणी

सप्रेम नमस्कार. आपला गुडघा कसा आहे? विहीणबाईंची साखर आणि आपला आवाज, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे सर्व सुखरूप आहेत. म्हणजे आमची सौ. लक्ष्मी, आमचा सुदेश आणि आपली सुकन्या कृतिका हे तिघे सुखरूप आहेत. मी तळमजल्यावर आहे. तळमजल्यावर म्हणजे मसाल्याच्या खोलीत. डाव्या कुशीला वर्षाची मिरची, उजव्या कुशीला सुके बोंबील, आणि मध्ये आपला व्याही, जिल्हा परिषदेच्या शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक. फोन सोडून पत्र का लिहितोय असं आपल्याला वाटेल. फोन केला असता तर पाच मिनिटांत कृतिकाला कळलं असतं, कारण आपल्या पोटात गुपित राहत नाही हे मी (पूर्ण आदराने) चार वर्षं पाहतो आहे. शिवाय मास्तर माणसाला राग लिहूनच नीट येतो, बोलताना र्‍हस्वदीर्घ दिसत नाही.

तर मुद्दा असा की मला माझी माडीवरची खोली परत हवी आहे. खाडीकडे तोंड असलेली, गॅलरीत झोपाळा असलेली, माझी. आणि ती परत मिळवून देणं हे आपलं कर्तव्य आहे, कारण ती गेली आपल्यामुळे.

आठवून पाहा. साखरपुड्याच्या पंगतीत, जिताडा माशाचा तिसरा तुकडा ताटात पडल्यावर, आपण चाळीस माणसांदेखत सांगितलं होतं की ठाण्याच्या कारखान्यात असताना आपण जर्मन इंजिनिअरांशी जर्मनमध्ये बोलायचात. (नंतर चौकशी करता असं समजलं की इंजिनिअर एकच होता, तो अकरा दिवस होता, आणि आपण स्टोअरमध्ये होतात. पण लग्नकार्यात एवढं चालतं.) जर्मन माणूस म्हणजे काय, याचं आपण तेव्हा जे वर्णन केलंत ते आपल्या मुलीने मनात कोरून ठेवलं. जर्मन माणूस सहा महिने आधी ठरवतो, मिनिटाला पोचतो, जाताना टॉवेलची घडी घालतो, आणि त्याला जगात शांततेशिवाय काही नको असतं. माडी पर्यटकांना भाड्याने द्यायचं मनात घेऊन पोरीने मोबाइलवर सात दिवसांचा मार्केटिंगचा कोर्स केला. त्यात त्यांनी शिकवलं म्हणे, की सगळ्यांना विकायला गेलात तर कुणालाच विकलं जात नाही, एक गिऱ्हाईक नेमून घ्या. लोक गोव्याकडे जाणारे नेमतात, फार तर अलिबागकडे जाणारे नेमतात. आपल्या मुलीने जर्मनभाषक नेमले. कोपर गावासाठी.

मी विरोध केला. सुदेश बायकोसमोर जसा बोलतो तसा बोलला, म्हणजे बोलला नाही. शेवटी असं ठरलं की एक पाहुणा आणून बघायचा. त्याने संकेतस्थळावर पाचपैकी तीनच्या वर तारे दिले तर माडी कायमची पाहुण्यांची, तीन किंवा कमी दिले तर माझी. शब्दाला शब्द दिला गेला, लक्ष्मी साक्षीला होती, आणि त्याच दुपारी माझी गादी खाली आली. माझा तारा तेव्हाच मावळला, पण ते असो.

मग फोटो काढले. खाडीचा फोटो पाणी भरलं असताना काढला, कारण पाणी उतरल्यावर आमची खाडी कशी दिसते हे आपण जाणता. रेल्वेचा पूल डावीकडे कापला, एकवीस मजल्यांची इमारत उजवीकडे कापली. मी तिवरांच्या बाजूला बनियनवर उभा राहून चिंबोऱ्यांची टोपली धूत होतो, मला मात्र कापलं नाही. माझ्याखाली लिहिलं, ‘आनंदी स्थानिक रहिवासी’. छत्तीस वर्षं मी या तालुक्याला शुद्धलेखन शिकवलं, आणि युरोपात मी बनियनवर आनंदी आहे.

जाहिरातीचा मजकूर कृतिकाने मराठीत लिहिला आणि जर्मन फोनने केला. (मी म्हटलं, ठाण्याला तुझ्या वडिलांना दाखव. ती म्हणाली, “पप्पांना आता आठवत नसेल.” मुलगी आपल्याला ओळखून आहे.) मराठी वाक्य निर्दोष होतं, मी स्वतः तपासलं होतं: ‘आमच्या दारात दिवसातून दोनदा भरती येते, तिची वेळ पाहुण्यांना आधी कळवली जाते.’ पुढे, आमचे वाडवडील मिठागरात काम करत, हेही होतं. आठवडाभरात उत्तरं येऊ लागली. घर बघून भाळलेल्यांची नव्हेत. पहिल्याने आपलं शिक्षण कळवलं होतं. दुसऱ्याने अनुभवाचे दाखले जोडले होते. एका बाईंनी विचारलं होतं की भरती कायमस्वरूपी आहे की कंत्राटी. तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं की फोनने समुद्राची भरती सोडून नोकरभरती धरली होती. जिथे गावातल्या पोरांची तीस वर्षांत कुठे भरती झाली नाही, तिथे आपल्या मुलीने साऱ्या जर्मनभाषक जगासाठी रोज दोन वेळा भरती काढली!

त्या अर्जांत एक अर्ज एकाहत्तर वर्षांच्या गृहस्थाचा होता. मिठाच्या कामाचा अडतीस वर्षांचा अनुभव आहे, निवृत्त आहे, पत्नी हयात नाही, वयाची अट आहे का? कृतिकाने फोनकरवीच उत्तर दिलं की वयाची अट नाही, अवश्य यावे. अशा रीतीने आमचा पहिला पाहुणा भरती झाला. तो जर्मन नव्हता, ऑस्ट्रियाचा होता. जर्मन बोलणारा प्रत्येक जण जर्मन नसतो हे मला नव्याने कळलं. मराठी बोलणारा प्रत्येक जण पुण्याचा नसतो हे पुण्याला अजून कळलेलं नाही, त्यामुळे मी मनाला लावून घेतलं नाही.

आता नावाचं ऐका. त्यांच्याकडे ‘श्री.’ला ‘हेर’ म्हणतात. (आपल्याला माहीत असेलच.) आमच्या शेजारच्या सरस्वतीकाकूंचा विकी, भावी नगरसेवक, त्याला पाहुणा येतोय एवढं कळायचा अवकाश, नाक्यावर बारा फुटी बॅनर लागला: ‘हेर हूबर यांचे कोपर गावात हार्दिक स्वागत!’ खाली शुभेच्छुकांचे बावीस फोटो, वर विकीचा, आणि पाहुण्याचा कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. गुप्तहेराचं स्वागत बॅनर लावून करणारं पृथ्वीवर आमचं पहिलं गाव असावं. सरस्वतीकाकूंनी बॅनर वाचला आणि घरी जाऊन सातबारा तांदळाच्या पिंपात पुरला. मला म्हणाल्या, “मास्तर, ह्यो मोजनीवाला हाय. गोरा पाठवलाय म्हंजे रस्ता मोठा हाय.”

हेर हूबर चार वाजून वीस मिनिटांनी येणार होते, ते चार वाजून वीस मिनिटांनी आले. आमच्याकडे चार वीस म्हणजे साडेपाच, त्यामुळे सुदेश तेव्हा आंघोळ करत होता. मी नाक्यावर गेलो तर सहा फुटी माणूस स्वतःच्याच बॅनरखाली बॅगेवर बसून घड्याळ बघत होता. माझ्याकडे पाहून त्याचा चेहरा उजळला. बनियनवरून ओळखलं असणार.

यापुढे जे घडलं ते एका अक्षराने घडवलं, आणि ते अक्षर आपण आम्हाला कधी सांगितलं नाहीत. त्यांच्या भाषेत होकाराला ‘या’ म्हणतात. आता आमच्या गावात गॅलरीत बसलेल्या माणसाला खालून जाणारा ‘जेवलाव का?’ विचारल्याशिवाय पुढे जात नाही. हा गृहस्थ माझ्या झोपाळ्यावर बसून, मान डोलावत, प्रत्येकाला सांगायचा, “या, या.” एवढं अगत्य पाहून कोण जाईल पुढे? लोक वर येऊ लागले. पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी अकरा. बसायचे, त्याच्याकडे बघायचे, तो हसला की हसायचे, चहा घ्यायचे, उठताना म्हणायचे, “येतो मग.” तो म्हणायचा, “या.” की ते दुसऱ्या दिवशी हजर. माझ्या खोलीत माझ्या हयातीत इतकी माणसं मला भेटायला आली नाहीत. तिसऱ्या दिवशी सरस्वतीकाकूंनी धीर करून खालून विचारलं, “तुमी मोजनीवाले का?” तो म्हणाला, “या, या.” काकू घरी गेल्या, पिंप उपसलं, सातबाऱ्याची झेरॉक्स घेऊन माडी चढल्या आणि त्याच्यापुढे धरली. त्याने चष्मा लावून कागद आदराने वाचल्यासारखा केला, आणि बाई सही मागतेय असं समजून खाली झोकदार सही ठोकली. काकूंनी तो कागद फ्रेम करून घेतलाय. आता सरकारच्या बापालाही जागा नेता येणार नाही असं त्या सगळ्यांना सांगतात.

नकाराची कथा वेगळी. नकाराला ते ‘नाइन’ म्हणतात. लक्ष्मीने पहिल्या रात्री तांदळाची भाकरी वाढली, त्याने खाल्ली, तिने खुणेने आणखी हवी का विचारलं. तो पोटावर हात ठेवून म्हणाला, “नाइन, नाइन.” मी म्हटलं, अगं, इतक्या कुणी खातं का? तर मलाच दटावलं. “नव सांगतंय तर नव देतंय. पावना हाय, मोजाचा नाय.” आणि चूल पुन्हा पेटली. त्या माणसाने सहा भाकऱ्या डोळ्यांत पाणी आणून खाल्ल्या आणि तीन रुमालात बांधून वर नेल्या. दुसऱ्या दिवसापासून तो ताटावर दोन्ही हात आडवे धरायला शिकला. आपलं जर्मन जर खरोखर स्टोअरच्या बाहेर आलं असतं, तर हे दोन शब्द तरी आपण मुलीला शिकवले असतेत, एवढंच माझं म्हणणं.

आता माझ्या हातून जे पाप घडलं तेही लिहितो, कारण आपण न्यायाधीश आहात असं मी धरून चाललो आहे. मला तारे कमी हवे होते. म्हणून मी त्याच्या गॅलरीखाली सुकट वाळत घातली. तो खाली आला, वास घेतला, फोटो काढला, आणि सुकट उलटीसुलटी करायला माझ्या बाजूला उकिडवा बसला. मग समोरच्या केण्यांकडे हळद होती. आपल्याला आमच्याकडची हळद ठाऊक आहे. जाहिरातीत ‘संपूर्ण शांतता’ असं लिहिलेलं, आणि केण्यांनी ट्रकभर डीजे आणलेला. दुपारी चारला स्पीकर रचत होते, तेव्हा मी सहज सुचवलं, तोंड जरा आमच्या माडीकडे फिरवा. (सहज.) पहिला ठोका पडला तेव्हा आमच्या फडताळातली भांडी आपणहून जमिनीवर आली. मी अंगणात उभा राहून वाट पाहत होतो की आता हेर हूबर खाली येणार आणि तक्रार करणार. ते गॅलरीत आले. खालून केण्यांच्या बायकांनी हात केले. ते म्हणाले, “या, या!” झालं. बायका वर गेल्या आणि त्यांना घेऊनच खाली आल्या. पुढचे तीन तास शांतताप्रिय पाहुणा पिवळाधमक होऊन, डोक्यावर टॉवेल बांधून, नवरदेवाच्या मामाच्या खांद्याला खांदा लावून नाचत होता. आठ वाजता मला घड्याळ दाखवून त्याने खुणेने विचारलं की उद्या पण असतं का.

एक प्रसंग मात्र हसण्यावारी नेता येत नाही. सहाव्या दिवशी सकाळी त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. आत लिंबाएवढा गुलाबीसर दगड. मला खुणावलं, चाटून बघा. खारट! तो डोंगराच्या पोटातून मीठ काढणारा माणूस, अडतीस वर्षं त्याने तेच केलेलं. मी त्याला खाडीकाठाने खाजणात नेलं, जिथे आमचं मिठाचं आगर होतं. आता तिथे तिवरं आणि पाइप आणि लोकांनी टाकलेला राडारोडा आहे. आगराचा एक बांध तेवढा अजून दिसतो. वडील त्या बांधावर उभे राहायचे ती जागा मी दाखवली. त्याने वाकून चिखल बोटावर घेतला आणि जिभेला लावला, आणि मग मला आपले तळहात दाखवले. मिठाने उललेले, कडा कडक झालेले. व्याहीबुवा, असे तळहात मी पन्नास वर्षांनी पाहिले. आम्ही त्या बांधावर दोन तास बसलो. भाषा त्याला माझी येत नव्हती, मला त्याची. मला वडिलांची फार आठवण आली. सुदेशला मी ती जागा कधी दाखवलेली नाही, त्याने कधी विचारलेलीही नाही.

असो. काल सकाळी सव्वानऊला जायचं ठरलं होतं, सव्वानऊला गेले. विकीने निरोपाचा बॅनर लावला, त्यात हेर हूबर यांना ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ वाहता वाहता राहिली, कारण मी आदल्या दिवशी मजकूर तपासला. अभिप्राय अजून आलेला नाही. पण कृतिका आताच पुढच्या पाहुण्यांची भाषा करते आहे, स्वित्झर्लंड म्हणते आहे. म्हणून माझी कळकळीची विनंती की येत्या रविवारी आपण कोपरला यावं, मुलीला समोर बसवावं आणि बापाच्या अधिकाराने सांगावं की म्हाताऱ्याला त्याची खोली दे. या वयात मिरचीच्या पोत्याशेजारी झोपणं मला शोभत नाही आणि मिरचीलाही आवडत नसावं. माझं एवढं काम कराल तर साखरपुड्यातला तो अकरा दिवसांचा विषय मी पुन्हा कधी काढणार नाही.

विहीणबाईंना नमस्कार, आपल्या गुडघ्याला आराम आणि आपल्या जर्मनला आशीर्वाद.

आपला बेघर व्याही,
धाकू गोमा म्हात्रे

ता. क. (दि. १५) पाकीट चिकटवायच्या आत अभिप्राय आला. पाचपैकी चार तारे. एक तारा कापला, त्याचं कारण फोनने असं सांगितलं की घरातलं भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे. सुकट नाही, डीजे नाही, नऊ भाकऱ्या नाहीत, घड्याळ! म्हणजे मी शर्त हरलो. कृतिकाने पेढे आणले. पहिला मला दिला, आणि म्हणाली, “बाबा, तुम्हाला नको असेल तर नको करूया.” मी दुसरा पेढा उचलला.

आणखी ता. क. (दि. १६) त्याने जाताना टॉवेलची घडी घालून ठेवली होती. (इथे आपण बरोबर होतात.) लक्ष्मीला ती मोडवेना, म्हणून तीन दिवस तशीच ठेवली होती. आज मोडली तर आत माझ्या नावाची चिठ्ठी. फोनने मराठी करून दिलं ते जसंच्या तसं उतरवतो: ‘प्रिय आनंदी स्थानिक रहिवासी, घरी माझी खुर्ची फार शांत आहे. मार्चमध्ये सूर्य मीठ बनवतो. मी पुन्हा भरती होऊ शकतो का?’ मी फोनला शिव्या देणार होतो, पण या वेळी त्याने चूक केली असं मला वाटलं नाही. भाईंदरकडे अजून थोडी आगरं पिकतात, मार्चमध्ये तिथे मिठाच्या राशी लागतात. त्याला तिथे नेता येईल. सुदेशही येतो म्हणाला.

शेवटचा ता. क. वरचं पत्र रद्द समजावं. रविवारी कृतिकाला काही बोललात तर आपली माझी सोयरीक संपली. मी त्या माणसाचं मीठ खाल्लंय, तेही दगडावरून चाटून, तेव्हा खाल्ल्या मिठाला जागणं भाग आहे. माझी राहिलेली उशीही मी आज खाली आणली. भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे केलं, सुदेशची त्यामुळे गाडी चुकली. आता खरं काम. त्याच्या चिठ्ठीला उत्तर द्यायचंय, आणि ते फोनकडून करून घ्यायचं नाही. उत्तर एका अक्षराचं आहे: ‘या’. त्याच्या भाषेत वाचलं तरी चालेल, माझ्या भाषेत वाचलं तरी चालेल. फक्त ते त्यांच्या लिपीत कसं लिहितात, वायने की जेने, तेवढं आपल्या अकरा दिवसांतून आठवून उलट टपाली कळवा. नाही आठवलं तरी लाजू नका, मी देवनागरीत लिहून ठेवलंच आहे. आणि मार्चमध्ये आपणही या. (हे मराठीतलं.)